दोन-दोन औषधं बदलली तरी स्किझोफ्रेनियाचे आवाज थांबत नाहीत? मग क्लोझापिनबद्दल डॉक्टरांना विचारायलाच हवं

कारंजा लाड म्हटलं की सगळ्यात आधी आठवतं ते गुरुमंदिर. नृसिंह सरस्वती स्वामींचं हे जन्मस्थान. त्यामुळे वाशिम जिल्ह्यातल्या या गावात वर्षभर दत्तभक्तांची ये-जा असते.

आता समजा, याच गावात एक घर आहे. वडील बाजार समितीत हमाली करतात, आई घरी शिवणकाम करते. मुलगा अमरावतीला शिकायला होता. २१ व्या वर्षी तो कॉलेज सोडून घरी आला आणि खोलीचं दार लावून बसू लागला. शेजारचे आपल्याबद्दल कट करतात, असं तो म्हणायचा. कुणीच बोलत नसताना त्याला आवाज ऐकू यायचे. आधी अंगारे-धुपारे झाले, मग गाणगापूरची वारी झाली आणि शेवटी कुणीतरी मानसोपचारतज्ज्ञाचं नाव सांगितलं.

एक गोळी सुरू झाली. सहा महिन्यांनी ती बदलून दुसरी दिली. झोप सुधारली, चिडचिड थोडी कमी झाली, पण आवाज काही गेले नाहीत. आई डॉक्टरांना विचारते, "डॉक्टरसाहेब, दोन गोळ्या बदलून पाह्यल्या, तरी याच्या कानातले आवाज जात नाहीत. आता काय करावं?"

हे घर काल्पनिक आहे, प्रश्न मात्र खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात साधारण दर ३०० माणसांमागे एकाला स्किझोफ्रेनिया आहे. २०११ च्या जनगणनेत वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाखांच्या आसपास होती. हाच हिशोब लावला तर एकट्या वाशिम जिल्ह्यात असे सुमारे ४,००० रुग्ण असतील. त्यातल्या दर तीन-चार रुग्णांपैकी एकाला नेहमीची औषधं पुरेशी लागू पडत नाहीत. म्हणजे हजारएक घरं अशी, जिथं हाच प्रश्न विचारला जात असेल.

या प्रश्नाला वैद्यकशास्त्राकडे उत्तर आहे, आणि ते बरंच जुनं आहे. अडचण एवढीच, की ते उत्तर रुग्णापर्यंत फार उशिरा पोहोचतं.

आधी आजार समजून घेऊ

स्किझोफ्रेनियाला मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात. या शब्दामुळे आणि सिनेमांमुळे अनेकांचा समज होतो, की या आजारात एका माणसात दोन माणसं राहतात. तसं काही नसतं. या आजारात खरं काय आणि भास काय, यातला फरक कळेनासा होतो. नसलेले आवाज ऐकू येतात, कुणीतरी पाळत ठेवतंय अशी पक्की खात्री वाटते, बोलण्यातला धागा तुटतो. याला जोडून दुसरी बाजूही असते. माणूस अबोल होतो, अंघोळ-जेवणाची पर्वा राहत नाही, कशातच रस वाटत नाही. घरच्यांना तो आळस वाटतो, पण तो आजाराचाच भाग असतो.

यात आईवडिलांच्या संस्कारांचा दोष नसतो, करणीचाही नसतो. आनुवंशिकता, मेंदूची जडणघडण, ताण आणि काही जणांच्या बाबतीत गांजासारखं व्यसन, अशी अनेक कारणं एकत्र येतात.

मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन असतं. त्याचे संदेश काही भागांत प्रमाणाबाहेर वाढले की भास आणि संशय वाढतात, असं मानलं जातं. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये जाँ दले आणि पिअर देनिकर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध वापरून दाखवलं आणि या आजारावर गोळीने उपचार होऊ शकतो हे जगाला कळलं. त्यानंतर हॅलोपेरिडॉल आलं, पुढे रिस्पेरिडॉन, ओलान्झापिन, ॲरिपिप्राझोल, अमिसल्प्राइड अशी औषधं आली. ही सगळी औषधं कमी-अधिक प्रमाणात डोपामिनच्या संदेशांवरच काम करतात.

बहुतेक रुग्णांना त्यातलं एखादं लागू पडतं. काहींना मात्र कुठलंच पुरेसं पडत नाही. बहुधा त्यांच्या आजाराचं मूळ केवळ डोपामिनमध्ये नसतं, असं संशोधकांना वाटतं. अशा आजाराला 'उपचारांना दाद न देणारा स्किझोफ्रेनिया' म्हणतात.

'औषध लागू पडत नाही' हे ठरवायचं कसं?

महिनाभर गोळी घेतली आणि फरक पडला नाही, एवढ्यावर हा शिक्का मारता येत नाही. २०१७ मध्ये जगभरातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन याचे निकष ठरवले. सोप्या भाषेत ते असे:

- किमान दोन वेगवेगळी औषधं वापरून झालेली असावीत.
- प्रत्येक औषध पुरेशा डोसमध्ये, किमान ६ आठवडे दिलेलं असावं.
- त्या काळात ठरलेल्या गोळ्यांपैकी किमान ८० टक्के गोळ्या खरोखर पोटात गेलेल्या असाव्यात.
- तरीही लक्षणं ठळकपणे शिल्लक असावीत आणि त्यामुळे रोजचं जगणं अडत असावं.

यातला तिसरा मुद्दा सगळ्यात अवघड. रुग्णाला आपण आजारी आहोत हेच अनेकदा पटत नसतं. मग गोळी जिभेखाली धरून नंतर थुंकली जाते. कधी बरं वाटायला लागलं म्हणून घरचेच बंद करतात. कधी सोयाबीनच्या हंगामात पैसे आणि वेळ दोन्ही नसतात आणि महिनाभर खंड पडतो. कधी डॉक्टरांना न भेटता जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून तीच गोळी वर्षभर आणली जाते.

अशा वेळी औषध हरलेलं नसतं, ते पोहोचलेलंच नसतं. म्हणून डॉक्टर पुढचं पाऊल टाकण्याआधी काही गोष्टी तपासतात. निदान बरोबर आहे ना? दारू किंवा गांजा चालू आहे का? थायरॉइड, फिट्स असं दुसरं काही कारण आहे का? गोळ्या नियमित जात नसतील, तर महिन्यातून एकदा किंवा पंधरा दिवसांनी घ्यायचं, शरीरात हळूहळू विरघळणारं इंजेक्शन देता येतं. त्याने दोन फायदे होतात. रोजच्या गोळीवरून घरात होणारी भांडणं थांबतात, आणि औषध शरीरात नक्की गेलं तरी फरक नाही, हे पक्कं कळतं.

हे सगळं करूनही लक्षणं राहिली, तर तिसरी, चौथी, पाचवी नेहमीची गोळी बदलत बसण्यात फारसा अर्थ राहत नाही. दोन औषधांनंतर तिसऱ्या तशाच औषधाने गुण येण्याची शक्यता खूपच कमी होते. इथे एका वेगळ्या औषधाची वेळ येते. त्याचं नाव क्लोझापिन.

बंद पडलेलं औषध परत कसं आलं?

क्लोझापिनची गोष्ट विलक्षण आहे. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात वांडर नावाच्या कंपनीने हे औषध तयार केलं. त्या काळच्या औषधांनी रुग्णांचे हात थरथरायचे, मान वाकडी व्हायची, शरीर लाकडासारखं ताठ व्हायचं. मानसिक आजारावरचं औषध म्हटलं की असा त्रास होणारच, असं अनेक डॉक्टरांना वाटायचं. क्लोझापिनने मात्र असा त्रास जवळपास होत नव्हता आणि भास कमी होत होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते युरोपात बाजारात आलं.

१९७५ मध्ये फिनलंडमधून वाईट बातमी आली. क्लोझापिन घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम घटल्या. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. तेच नाहीसे झाल्यावर साध्या जंतुसंसर्गानेही जीव जाऊ शकतो. फिनलंडमध्ये ८ रुग्ण दगावले. अनेक देशांत औषध मागे घेतलं गेलं.

गोष्ट इथेच संपली असती. पण ज्या रुग्णांना या औषधाने गुण आला होता, त्यांचे डॉक्टर ते विसरायला तयार नव्हते. शेवटी अमेरिकेत डॉ. जॉन केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुद्दाम सगळ्यात अवघड रुग्ण निवडले. ज्यांना आधी किमान तीन औषधांनी गुण आला नव्हता, असे. २६८ रुग्णांपैकी काहींना क्लोझापिन आणि काहींना क्लोरप्रोमाझिन दिलं. कुणाला काय दिलं हे रुग्णांना आणि तपासणाऱ्या डॉक्टरांना माहीत नव्हतं. सर्वांच्या रक्ताची नियमित तपासणी होत होती.

१९८८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. अवघ्या ६ आठवड्यांत क्लोरप्रोमाझिनने ४ टक्के रुग्णांमध्ये सुधारणा दिसली. क्लोझापिनने ३० टक्के. ज्यांच्याबद्दल आशा सोडली होती, त्यातल्या जवळजवळ दर तिसऱ्या माणसात फरक पडला होता. १९८९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने क्लोझापिनला मंजुरी दिली. अट एकच होती, रक्ततपासणी.

आज हे औषध जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. भारतातही ते मिळतं, अनेक भारतीय कंपन्या ते बनवतात. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वंही अशा रुग्णांसाठी याच औषधाचं नाव घेतात.

क्लोझापिनचा आणखी एक गुण आहे. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांमध्ये आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. ९८० रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात क्लोझापिनची तुलना ओलान्झापिनशी केली गेली, तेव्हा क्लोझापिन घेणाऱ्यांमध्ये आत्महत्येचे प्रयत्न कमी आढळले. त्या आधारावर २००२ मध्ये एफडीएने आत्महत्येचा धोका असलेल्या रुग्णांसाठीही हे औषध मंजूर केलं.

मग एवढा उशीर का होतो?

लंडनमधल्या २०१२ च्या एका अभ्यासात दिसलं, की पात्र असलेल्या रुग्णांना क्लोझापिन मिळायला सरासरी जवळपास चार वर्षांचा उशीर झाला. हे मानसोपचाराच्या भरपूर सोयी असलेल्या शहरातलं चित्र आहे. उशीर होण्याचं मोठं कारण म्हणजे भीती. डॉक्टरांना पांढऱ्या पेशींची भीती, घरच्यांना दर आठवड्याच्या सुईची.

ही भीती आकड्यांमध्ये मोजून पाहायला हवी. पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटण्याचं प्रमाण क्लोझापिन घेणाऱ्या साधारण १०० रुग्णांमागे १ असं आहे. यातले बहुतेक प्रकार पहिल्या काही महिन्यांतच घडतात. आणि रक्त तपासत राहिलं तर पेशी कमी होताना वेळेवर लक्षात येतं, औषध थांबवता येतं आणि पेशी परत वाढतात. त्यामुळे यातून मृत्यू होण्याचं प्रमाण आता दर १०,००० रुग्णांमागे एक-दोन इतकं खाली आलं आहे.

दुसरीकडे, उशिराचीही किंमत असते, फक्त ती डोळ्यांना दिसत नाही. विशीतल्या मुलाची चार वर्षं भास आणि संशयात गेली, तर शिक्षण, नोकरी, लग्न, मैत्री सगळंच हातातून सुटतं. शिवाय उशिरा सुरू केलेल्या क्लोझापिनचा परिणामही कमी होतो, असं काही अभ्यासांत दिसलं आहे.

रक्ततपासणी कारंज्यात होऊ शकते का?

हो. कारण ही तपासणी म्हणजे साधी सीबीसी. डेंग्यूची शंका आली की करतात तीच. त्यासाठी नागपूर-मुंबई गाठावं लागत नाही, गावातल्या साध्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती होते आणि रिपोर्टही लवकर मिळतो.

ब्रिटनमध्ये रूढ झालेली पद्धत अशी: औषध सुरू करण्याआधी एकदा, मग पहिले १८ आठवडे दर आठवड्याला, पुढे वर्ष पूर्ण होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि नंतर महिन्यातून एकदा. अमेरिकेत आठवड्याची तपासणी ६ महिने चालते. आपल्याकडचे डॉक्टर अशाच वेळापत्रकाच्या आधारे रुग्णानुसार ठरवतात.

रिपोर्टमध्ये काय बघायचं, हेही घरच्यांना माहीत असलेलं बरं. पांढऱ्या पेशींमधल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी इथे महत्त्वाच्या. एकूण पांढऱ्या पेशींच्या आकड्याला न्यूट्रोफिलच्या टक्केवारीने गुणून १०० ने भागायचं. एकूण पेशी ६,००० आणि न्यूट्रोफिल ६० टक्के असतील, तर उत्तर ३,६०० येतं. हा आकडा १,५०० च्या खाली गेला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. औषधाचं पुढे काय करायचं ते डॉक्टर ठरवतील.

फेब्रुवारी २०२५ मध्ये एफडीएने या तपासणीबाबत मोठा बदल जाहीर केला. तोवर अमेरिकेत रक्ताचा रिपोर्ट सरकारी नोंदणी व्यवस्थेत भरल्याशिवाय औषध मिळत नव्हतं. ती सक्ती काढून टाकली, कारण तिच्यामुळेच अनेक रुग्णांचं औषध अडत होतं. तपासणी करत राहण्याचा सल्ला मात्र कायम आहे. त्यामुळे 'आता रक्त तपासायची गरज नाही' असा फॉरवर्ड आला तर त्यावर विश्वास ठेवू नये.

घरच्यांनी लक्षात ठेवायच्या पाच गोष्टी

क्लोझापिन हे ताकदीचं औषध आहे आणि त्याचे दुष्परिणामही आहेत. झोप येते, लाळ गळते, वजन आणि साखर वाढते, उठताना चक्कर येते, डोस जास्त झाला तर फिट येऊ शकते. म्हणून डॉक्टर १२.५ मिलिग्रॅम इतक्या छोट्या डोसने सुरुवात करतात आणि हळूहळू वाढवतात. वजन, साखर, रक्तदाब यांची तपासणीही सोबत चालते. पण रोजच्या रोज लक्ष ठेवायचं काम घरच्यांचंच.

१. ताप आला तर गोळी देऊन वाट बघू नये. ताप, घसा दुखणं, तोंडात फोड येणं असं काही झालं तर त्याच दिवशी सीबीसी करून डॉक्टरांना कळवावं. पहिल्या दोन महिन्यांत छातीत दुखणं, धाप लागणं, विनाकारण धडधड होणं असं दिसलं तरी ताबडतोब दवाखाना गाठावा. क्वचित हृदयाला सूज येऊ शकते.

२. पोट साफ होतंय का, हे रोज विचारावं. हे वाचून हसू येईल, पण क्लोझापिनमुळे आतडी मंदावतात आणि बद्धकोष्ठता जीवावर बेतू शकते. २०२० मध्ये एफडीएने याबद्दलचा इशारा आणखी कडक केला. भाजी, पाणी, फिरणं हवंच, शिवाय अनेकांना सुरुवातीपासून जुलाबाचं औषध लागतं. पोट फुगलं, उलट्या झाल्या तर थांबू नये.

३. बिडी-सिगारेट अचानक सुरू किंवा बंद झाली तर डॉक्टरांना सांगावं. तंबाखूच्या धुरामुळे यकृत क्लोझापिन भराभर संपवतं. धूम्रपान एकदम बंद झालं, उदाहरणार्थ दवाखान्यात भरती केल्यावर, तर तोच डोस अंगात जास्त होतो. हा परिणाम धुराचा आहे, खर्ऱ्याने तो होत नाही. पण म्हणून खर्रा खावा असं नाही. त्याचे तोंडाच्या कर्करोगासारखे धोके वेगळे आहेत.

४. दुसरं औषध घेण्याआधी विचारावं. जुलाबावर सर्रास दिल्या जाणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिनने क्लोझापिनचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. फिट्सवरचं कार्बामाझेपिन सोबत देणं टाळतात. कुठल्याही डॉक्टरकडे गेलं तरी 'क्लोझापिन चालू आहे' हे आधी सांगावं.

५. दोन दिवसांहून जास्त खंड पडला तर जुना डोस परत सुरू करू नये. ४८ तासांहून जास्त गोळी चुकली असेल तर पुन्हा छोट्या डोसपासून सुरुवात करावी लागते. एकदम पूर्ण डोस घेतला तर रक्तदाब एकदम घसरू शकतो. त्यामुळे लग्नाला किंवा वारीला जाताना कपड्यांच्या आधी गोळ्यांची पाकिटं पिशवीत पडली पाहिजेत.

क्लोझापिननेही पूर्ण फरक पडला नाही तर?

हे औषध रामबाण नाही. एकूण अभ्यास पाहता साधारण ४० टक्के रुग्णांमध्ये ठळक सुधारणा दिसते. ती दिसायला कधी तीन महिने, कधी सहा महिने लागतात. म्हणून महिनाभरात निराश होऊ नये. रक्तातलं क्लोझापिनचं प्रमाण मोजता आलं, तर डोस पुरेसा आहे का हे कळतं. अनेक आशियाई रुग्णांना युरोपीय रुग्णांपेक्षा कमी डोस पुरतो, हेही आता माहीत झालं आहे.

तरीही लक्षणं राहिली तर डॉक्टर क्लोझापिनच्या जोडीला दुसरं औषध देतात. त्यात अमिसल्प्राइड आणि ॲरिपिप्राझोल ही नावं जास्त येतात. फिनलंडमधल्या ६२ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा क्लोझापिन आणि ॲरिपिप्राझोल एकत्र घेणाऱ्यांना पुन्हा दवाखान्यात भरती होण्याची वेळ सगळ्यात कमी आली, असं २०१९ मध्ये दिसलं.

दुसरा मार्ग ईसीटीचा, ज्याला लोक 'शॉक' म्हणतात. सिनेमात दिसतं तसं आज काही होत नाही. रुग्णाला भूल देतात, स्नायू सैल करणारं औषध देतात आणि काही सेकंदांचा विद्युतप्रवाह देतात. भूल आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधाशिवाय ईसीटी द्यायला भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे. क्लोझापिन पुरेसं न पडलेल्या ३९ रुग्णांच्या एका अमेरिकी अभ्यासात, ईसीटीची जोड दिलेल्यांपैकी निम्म्यांमध्ये सुधारणा झाली. नुसतं क्लोझापिन चालू ठेवलेल्यांपैकी एकातही नाही. अभ्यास छोटा होता, पण त्यातून दिशा कळते. ईसीटीनंतर काही दिवस विसरायला होऊ शकतं, हेही आधी समजून घ्यावं.

नव्या औषधाच्या बातम्याही येत असतात. सप्टेंबर २०२४ मध्ये एफडीएने झॅनोमेलिन आणि ट्रॉस्पियम हे जोड-औषध मंजूर केलं. डोपामिनला थेट न अडवता वेगळ्या वाटेने काम करणारं हे पहिलंच मंजूर औषध, म्हणून गाजावाजा खूप झाला. पण आधीच्या औषधांनी पुरेसा गुण न आलेल्या रुग्णांना ते जोडीला देऊन पाहिलं, तेव्हा २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निकालात ठरवलेलं उद्दिष्ट गाठता आलं नाही. म्हणजे दाद न देणाऱ्या आजारासाठी पहिलं नाव आजही क्लोझापिनचंच आहे.

कारंज्याहून कुठं जायचं?

वाशिमच्या जिल्हा पातळीवर राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली सेवा मिळते. वाशिमला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. अकोला आणि यवतमाळची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं कारंज्याहून एसटीने एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहेत. भरती करण्याची गरज पडली तर विदर्भासाठी नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे.

सगळ्यात सोयीची पद्धत अशी: क्लोझापिनची सुरुवात आणि डोस वाढवणं मोठ्या ठिकाणच्या तज्ज्ञाच्या हाताखाली, रक्ततपासणी कारंज्यात, आणि रिपोर्ट मोबाइलवरून तज्ज्ञाकडे. यासाठी तज्ज्ञ तयार आहेत का, हे पहिल्याच भेटीत विचारावं.

कुठं जायचं हेच कळत नसेल तर टेली-मानस ही सरकारी सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत आणि मराठीत बोलता येतं.

कायदाही रुग्णाच्या बाजूने आहे. २०१७ च्या कायद्याने सरकारी मानसिक आरोग्यसेवा हा प्रत्येकाचा हक्क केला. रुग्णाला साखळीने बांधून ठेवायला स्पष्ट मनाई केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे. त्यामुळे आजार दीर्घकाळ राहिला तर दिव्यांग प्रमाणपत्र काढता येतं आणि त्याआधारे सवलतींसाठी अर्ज करता येतो.

गोळी एकटीने सगळं करत नाही

आवाज थांबले तरी गेलेली वर्षं आपोआप परत येत नाहीत. सकाळी उठणं, चार माणसांत बसणं, छोटं काम करणं हे पुन्हा शिकावं लागतं. आणि घरच्यांनाही कुणाचा तरी आधार लागतो.

मूळचे धुळ्याकडचे आणि कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला हा आजार होता. हा आजार लपवण्यात कुटुंबं कशी पिचतात, हे त्यांना घरातूनच कळलं. त्यांनी पुण्यात 'सा' म्हणजे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी केली. रुग्णांचे नातेवाईक तिथं एकत्र बसून बोलू लागले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' या २००४ च्या चित्रपटामागेही वाणींचं पाठबळ होतं. अतुल कुलकर्णींनी त्यात स्किझोफ्रेनिया झालेल्या तरुणाची भूमिका केली आणि मराठी घरांमध्ये या आजारावर उघडपणे बोलणं थोडं सोपं झालं.

आता पुन्हा त्या आईच्या प्रश्नाकडे येऊ. पुढच्या भेटीला जाताना तिने तीन गोष्टी सोबत न्याव्यात. आजवर दिलेल्या सगळ्या औषधांची नावं, डोस आणि किती दिवस दिली त्याची यादी. गोळ्या किती वेळा चुकल्या त्याचा खरा हिशोब, न लपवता. आणि एक सरळ प्रश्न: "दोन औषधं पूर्ण डोसमध्ये देऊन झाली असतील तर क्लोझापिनचा विचार करता येईल का? नसेल, तर का नाही?"

कदाचित डॉक्टर म्हणतील, आधी इंजेक्शन देऊन पाहू. कदाचित म्हणतील, हृदयाची तपासणी करून मग सुरू करू. उत्तर काहीही असो, पण तो प्रश्न चार वर्षांनी विचारण्याऐवजी आज विचारला जावा. देवाला जायला कुणाचीच ना नाही. गुरुमंदिरात दर्शन घेऊन तसंच लॅबमध्ये रक्त द्यायला जाता येतं.

तुमच्या ओळखीत असं एखादं घर असेल, तर ही माहिती त्यांच्यापर्यंत नक्की पोहोचवा. औषध सुरू करणं, बदलणं किंवा थांबवणं मात्र मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच व्हायला हवं.